संगम इकडे नाही

आमच्या गल्लीतून संगमावर जाता येत नाही. ही गोष्ट मला, माझ्या बायकोला, शेजारच्या हेडमास्तरांना आणि गल्लीतल्या दोन मांजरांना माहीत आहे. गावात रोज येणाऱ्या शेकडो यात्रेकरूंना ती माहीत नसते. दोष त्यांचा नाही. बसमधून उतरून माणूस चौकात आला की त्याला समोर दोन वाटा दिसतात. एक आमची गल्ली: रुंद, फरसबंद, नदीच्या दिशेनं उतरत गेलेली. दुसरा औषधाच्या दुकानाशेजारचा बोळ: दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं सरावं असा. संगमाची वाट म्हणजे तो बोळ. पण दोन पवित्र नद्या जिथं भेटतात तिथं जायचा रस्ता इतका दळभद्री असेल, हे भाविक मनाला पटत नाही. मग ते मन आमच्या गल्लीत शिरतं, उतारानं खाली येतं, गल्ली आमच्या घराच्या भिंतीशी संपते, आणि ते आमची बेल वाजवतं.

नोकरीत होतो तोवर मला याचा पत्ताच नव्हता. वीज कार्यालयात हेडक्लार्क म्हणून छत्तीस वर्षं दुपारच्या वेळी मी टेबलापाशी असायचो आणि लोकांना "अर्ज करा" म्हणायचो. निवृत्त झाल्यावर कळलं की दुपारी दोन ते चार या वेळात माझ्या घराची बेल सरासरी अकरा वेळा वाजते. तरी मी सहन केलं असतं. मी मुळात सोशिक माणूस आहे, हे बायको सोडून सगळे मान्य करतात. पण मार्च महिन्यात अक्का हॉस्पिटलमधून घरी आली.

अक्का माझी थोरली बहीण. एकतीस वर्षं ती बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसली. आईवडील लवकर गेले, आणि त्या खिडकीच्या पगारावर तिनं मला शिकवलं. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "रांग मोठी होती, वेळ झाला नाही." आता तिच्या हृदयानं कुरकुर सुरू केली होती. डॉक्टरांनी सांगितलं, "पूर्ण विश्रांती. बोलणं कमी, उठबस कमी, आणि घरात शांतता पाहिजे." अक्काला काही झालं असतं तर या जगात मला "गप बस" म्हणणारं कुणी उरलं नसतं. बायको म्हणते, पण तिला आधी "अहो" लावावं लागतं, त्यामुळे परिणाम कमी होतो. थोडक्यात, मला अक्का हवी होती, आणि त्यासाठी शांतता हवी होती.

तिची खाट आम्ही पुढच्या खोलीत, खिडकीशी लावली, कारण तिथं वारा येतो. चूक इथंच झाली. बेल वाजायची. मी झोपेतून उठून सदरा शोधायचो, कारण बनियनवर दार उघडणं माझ्या तत्त्वात बसत नाही. सदऱ्याची बटणं लागेपर्यंत अक्का खिडकीतून चौकशी संपवून माणसं रवाना करून मोकळी झालेली असायची.

"अक्का, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"काय म्हणाले होते?"

"बोलायचं नाही."

"मग ती माणसं काय नदी शोधत गटारात जातील?"

म्हणून मी एक साधा उपाय काढला. दारावर एक पाटी लावायची: "संगम इकडे नाही." तीन शब्द. हेतू शुद्ध, अक्षर ठळक. या तीन शब्दांनी मला पुढं जे दाखवलं ते छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी इतरांना दाखवलं होतं, एवढंच आज अलिप्तपणे नमूद करतो.

पाटी लावली त्या दुपारी बेल सोळा वेळा वाजली. लोक पाटी वाचायचे आणि विचारायला थांबायचे, "मग कुठं आहे?" पूर्वी जे नुसते भिंत बघून परत फिरायचे त्यांनाही आता विषय मिळाला. एक गृहस्थ तर दार उघडल्यावर माझ्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाले, "इतकं ठासून नाही म्हणताय, म्हणजे काहीतरी असणार." त्यांना मी घर फिरवून दाखवलं. न्हाणीघर बघून ते जरा निराश झाले.

हेडमास्तर शेजारी राहतात आणि दुपारी गणिताच्या शिकवण्या घेतात. सल्ला मागण्याची वाट बघण्याइतका वेळ त्यांच्याकडे कधीच नसतो. कुंपणावर हात टेकून ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचा मजकूर नकारात्मक आहे. मुलाला 'इथं लिहू नकोस' सांगितलं की तो तिथंच लिहितो. संगम कुठं नाही हे सांगू नका, कुठं आहे ते सांगा. बाण काढा." समोरच्या शिवणकामवाल्या बाईंचं म्हणणं पडलं की पाटी निळी हवी, लोक निळ्या रंगाचं ऐकतात. बायको म्हणाली, "बेल काढून टाका की." हा उपाय फारच सोपा असल्यामुळे कुणी मनावर घेतला नाही.

पेंटरला बोलावलं. तो गावातला नावाजलेला माणूस, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत "संगमाकडे" लिहिलं आणि खाली असा डौलदार बाण काढला की बघत राहावं. बाण दुकानात टेबलावर ठेवून काढला होता. तो कुठली दिशा दाखवतो हे पाटी कुठल्या बाजूच्या खांबाला लागते यावर ठरणार होतं, आणि हा विचार आमच्यापैकी एकालाही शिवला नाही. फाटकाच्या ज्या खांबाला खिळा मजबूत बसत होता त्याला मी ती लावली. बाण हेडमास्तरांच्या दारात शिरला.

पहिल्याच दिवशी अकरा माणसांचं एक कुटुंब, त्यात दोन म्हाताऱ्या आणि एक कडेवरचं पोर, चपला काढून हेडमास्तरांच्या घरात गेलं. समीकरणं सोडवत बसलेल्या मुलांना ओलांडून ते मागच्या अंगणात पोहोचलं. तिथं पाण्याची सिमेंटची टाकी आहे. ती दोन खणांची असल्यामुळे त्यांच्या मनात काही शंका राहिली नसावी. अकराही जणांनी अत्यंत शांतपणे टाकीत पाय बुडवले. हेडमास्तर पोहोचले तेव्हा थोरली म्हातारी डोळे मिटून उभी होती, आणि तिला हटकायचं त्यांना धैर्य झालं नाही. ते धैर्य त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. संध्याकाळी ते कुंपणावर हात न टेकता बोलले आणि दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत तक्रार देऊन आले. बाण त्यांनीच सुचवला होता, याची मी त्यांना आठवण करून दिली. ते म्हणाले, "मी बाण सांगितला होता. माझं घर नव्हतं सांगितलं."

आठवड्यात नोटीस आली. विनापरवाना फलक. मी रीतसर अर्ज घेऊन नगरपालिकेत गेलो. फलक विभागाचा कारकून तिशीतला, चष्म्यावरून बघणारा. त्यानं मला "काका" म्हटलं. मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आहे हे मी बोलण्याच्या ओघात दोनदा आणलं. त्यावर तो म्हणाला, "बसा, काका."

"फलकावरचा मजकूर खरा आहे, असा दाखला लागेल," तो म्हणाला. "संगम कुठं आहे त्याचा."

"अहो, संगम कुठं आहे हे सगळ्या जगाला माहीत आहे."

"मग एखादा दाखला मिळायला अडचण नाही."

तो आत गेला आणि जुना कापडी नकाशा घेऊन आला. कुणीतरी फार पूर्वी मोजणी करून केलेला होता. त्यानंतर दोन्ही नद्यांनी पात्रं बदलली होती, पण नकाशाला त्यांनी तसं कळवलं नव्हतं. कारकुनानं पट्टी लावली, बोट फिरवलं, आमच्या घराचा क्रमांक बघितला आणि माझ्याकडे नव्या आदरानं पाहिलं.

"काका, नोंदीप्रमाणं संगम तुमच्याच घरात आहे. न्हाणीघराच्या जरा अलीकडे."

कारकुनाच्या पाठीमागं मोठी खिडकी होती. त्या खिडकीतून दोन्ही नद्या दिसत होत्या, एक मातकट, एक हिरवी, आणि जिथं त्या मिळत होत्या तिथं पाण्यावर लांबपर्यंत दोन रंगांची शीव दिसत होती. लोक कमरेइतक्या पाण्यात उभे होते. मी त्याला मागं वळून बघायला सांगितलं. त्यानं वळून बघितलं, नीट बघितलं, आणि परत माझ्याकडे वळून म्हणाला, "दिसतं खरं. पण खिडकीची नोंद नसते."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मनात कुठंतरी मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. मी वीज कार्यालयात असताना एका बाईंच्या घरी दिवा लागत असूनही आमच्या नोंदीप्रमाणं त्यांना जोडणीच नव्हती, आणि ती जोडणी मिळवण्यासाठी मी त्यांना चार महिने फिरवलं होतं.

मी आजारी बहिणीचं सांगितलं तेव्हा मात्र तो पोरगा जरा विरघळला. "एक करता येईल," तो म्हणाला. "संगमाचं नावच काढायचं नाही. तुमची गल्ली पुढं बंद आहे, ही आमच्याच दप्तरी नोंद आहे. त्याला दाखला लागत नाही. आम्हीच गल्लीच्या तोंडाशी फलक लावतो: पुढे रस्ता बंद."

चार दिवसांत दोन कामगार आले, खड्डा खणला, लोखंडी खांब सिमेंटमध्ये रोवला आणि लाल पट्ट्याचा फलक लावून गेले. सरकारी काम सांगितलेल्या दिवशी झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

फलक लागू पडला. यात्रेकरू चौकातूनच बोळाकडे वळायला लागले. आणि त्यांच्यासोबत बाकी सगळेही वळायला लागले. दूधवाला आला नाही. पेपरवाल्यानं पेपर चौकातल्या दुकानात टाकला. गॅसचं सिलिंडर गल्लीच्या तोंडाशी उतरवून गाडी निघून गेली आणि ते मी घरापर्यंत लोळवत आणलं. हेडमास्तरांच्या शिकवणीची मुलं पाटी वाचून अतिशय आज्ञाधारकपणे घरी परत गेली. हे ऐकल्यावर हेडमास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, म्हणजे तेवढाच फायदा. डॉक्टर गावात नवीन होते. अक्काला तपासायला निघाले, फलक बघितला, गाडी वळवली आणि फोन करून विचारलं, "तुमच्याकडे यायला दुसरा रस्ता कुठला?"

पण बेल वाजायची बंद झाली. दुपारी दोन ते चार मी झोपलो. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला विजयी वीरासारखी झोप लागली.

उठलो तेव्हा अक्का खिडकीकडे बघत होती. "आज कुणी आलं नाही?" तिनं विचारलं.

"नाही. आता येणारही नाही. तू पड निवांत."

ती पडली. दुसऱ्या दिवशी तिनं तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही. चौथ्या दिवशी तिनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं आणि ताट तसंच परत पाठवलं. आठवड्यात ती दोन घास आणि दोन शब्दांवर आली. डॉक्टर पायी चालत आले, छाती तपासली, म्हणाले, "इथं काही बिघडलेलं नाही. नाडी मात्र मंद आहे. घरात शांतता आहे ना?"

"शांतताच तर आहे," बायको म्हणाली. डॉक्टर गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "अहो, वन्सं इतके दिवस कशावर जगत होत्या ते तुम्हाला दिसलं नाही का? तुम्ही बटणं लावत असायचात. मी बघायची. बेल वाजली की त्या आधी केसावरून हात फिरवायच्या, उशी पाठीशी घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, हं, बोला."

अक्कानं एकतीस वर्षं भरपूर बोलून घेतलं, आता तिनं आराम करावा, असं माझं मत होतं. ती दमली असेल असं मी धरून चाललो होतो. तिला विचारलं नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला, ज्यानं जन्मभर प्रत्येक गोष्टीसाठी लोकांकडून अर्ज मागितला, त्याला सख्ख्या बहिणीला एक प्रश्न विचारायचं सुचू नये, याची मला त्या दिवशी लाज वाटली आणि अजून वाटते.

मी पुन्हा नगरपालिकेत गेलो. फलक काढा म्हणालो. कारकून म्हणाला, "काढू की. 'रस्ता बंद' काढायचा म्हणजे आधी रस्ता उघडायला हवा."

"कुठून उघडणार?"

त्यानं पुन्हा कापडी नकाशा पसरला, पट्टी लावली. "सरळ गेलं तर तुमच्या पुढच्या खोलीतून. संगमही तिथंच असल्यामुळे बोळापेक्षा जवळ पडेल. प्रस्ताव करू का?"

मी अर्ज खिशात घातला. मग मी स्वतः गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. विचार असा की येणाऱ्या यात्रेकरूंपैकी दोनचार जणांना समजावून घरी न्यायचं आणि खिडकीपाशी उभं करायचं. इस्त्रीचा सदरा घातला होता. पण "पुढे रस्ता बंद" लिहिलेल्या फलकाखाली उभा राहून "या, या, इकडून या" म्हणणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात, हे ज्याचं त्यानं अनुभवावं. एका बाईंनी पिशवी छातीशी धरली. एका तरुणानं मला थांबवून सांगितलं की काका, या वयात शोभत नाही. दोन तासांत एकच गृहस्थ माझ्याबरोबर आले, तेही फोन चार्ज करायला. अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. ते फोन चार्ज करून गेले.

दुसऱ्या दिवशी अक्कानं सकाळचा चहा घेतला नाही. दुपारी दोन वाजता मी झोपलो नाही. सदरा घातला, बटणं लावली, चप्पल घालून बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. मग माझ्याच घराची बेल वाजवली.

आत काही हललं नाही. मी पुन्हा वाजवली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. अक्काची पाठ दिसत होती. वेणी फार बारीक झाली होती.

"बाई," मी म्हणालो. "संगमाला कसं जायचं?"

मला वाटलं झोपली असेल, किंवा मला वेड लागलं असं वाटून गप्प असेल. मग खाट करकरली. ती कोपरावर उठली, केसावरून हात फिरवला आणि उशी पाठीशी ओढली. माझ्याकडे बघितलं. मी कोण आहे हे तिला दिसत होतं. तिच्या डोळ्यांत ते येऊन गेलं, आणि तिनं ते बाजूला ठेवलं.

"हं, बोला," ती म्हणाली. "किती जण आहात?"

"एकटाच."

"सामान?"

"नाही."

"गुडघे कसे आहेत?"

"दुखतात थोडे."

"मग घाई करायची नाही. असंच मागं फिरा. चौकात औषधाचं दुकान आहे, त्याच्या डाव्या अंगाला बोळ. तुम्हाला वाटेल कुणाचं परसू आहे. वाटू द्या, आत शिरा. पुढं पायऱ्या आहेत, मधली एक तुटलेली आहे, ती चुकवायची. पाणी आलं की लगेच उतरू नका. उजवीकडे वीस पावलं जा, तिथं दोन रंग दिसतात. तिथं उतरा." ती दम घ्यायला थांबली. "आधी कधी गेला होतात का?"

"लहान होतो तेव्हा. बहिणीनं नेलं होतं."

"मग आता एकट्यानं जमेल. विचारलंत ते बरं केलंत."

साठ वर्षांत अक्का मला पहिल्यांदा "अहोजाहो" करत होती. मला खिडकी सोडवेना. गजाला धरून मी तसाच उभा राहिलो. अक्कानं माझ्या खांद्यावरून मागं बघितलं आणि आवाज चढवला, तीन फलाटांपर्यंत जायचा तो आवाज.

"झालं असेल तर बाजूला व्हा. पुढचे कोण?"

मी वळलो. माझ्या मागं बायको उभी होती. खांद्याला पिशवी, पायात बाहेरच्या चपला. मागच्या दारानं ती कधी बाहेर आली ते मला कळलं नव्हतं. तिच्या मागं हेडमास्तर होते, शिकवणीवरून धरलेला अबोला तसाच चेहऱ्यावर ठेवून, आणि त्यांच्या मागं शिवणकामवाल्या बाई.

"माहेरची गाडी किती वाजता आहे हो?" बायकोनं विचारलं.

"सकाळची की दुपारची?" अक्का म्हणाली. "आणि मास्तर, रांगेत नीट उभे राहा."

मी बाजूला झालो आणि तिनं सांगितलं होतं तसा मागं फिरलो, औषधाच्या दुकानापर्यंत.